खांद्यावरचं जू

पोळा जवळ आला की आपण काय करतो? आदल्या दिवशी बैलांना काम देत नाही. त्यांना धुतो. मग त्यांच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतो. याला खांदेमळणी म्हणतात. सातारा-कोल्हापूरकडे बेंदूर असतो. सण वेगळा, पण बैलाची काळजी तीच.

सगळं अंग सोडून खांद्यालाच लोणी का लावायचं? कारण सरळ आहे. बैल ओझं ओढतो ते खांद्याने. जू खांद्यावर असतं. ते घासतं. फार दिवस घासलं की खांदा सुजतो. तिला खांदेसूज म्हणतात. अशा बैलाला तसंच जुंपलं, तर तो चालत नाही. मान टाकतो. खाली बसतो.

जाणता शेतकरी अशा वेळी काय करतो? तो बैलाला आळशी म्हणत नाही. चाबूक मारत नाही. तो आधी खांदा बघतो.

आता ट्रॅक्टर आले. बैल कमी झाले. पण ही जुनी समज विसरायची नाही. कारण माणसाच्या खांद्यावरही जू असतं. ते डोळ्यांना दिसत नाही, एवढंच. कर्जाचं जू असतं. नोकरीचं असतं. परीक्षेचं असतं. या न दिसणाऱ्या जुवाला आपण ताण म्हणतो. हा ताण फार दिवस उतरला नाही, तर माणूस आतून थकून जातो. हातपाय धड असतात, पण मन मान टाकतं. शिकलेले लोक याला 'बर्नआउट' म्हणतात. म्हणजे तेल संपून दिवा विझावा, तसं होणं. आपण त्याला मनाचा शीण म्हणू.

एका घरची गोष्ट

एका गावातलं एक घर. तसं घर तुमच्याही गावात सापडेल.

बाप साखर कारखान्यात हंगामी कामाला. थंडीत गाळप जोरात असतं. पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. घरी थोडा ऊस. रात्री पंपाची लाइट आली की उठायचं आणि दारं धरायची. झोपायचं कधी, हा प्रश्नच.

मुलगा बारावीला. पहाटेच्या एसटीने तालुक्याला जायचा. आधी शिकवणी, मग कॉलेज. घरी यायला अंधार. जेवला की पुस्तक घेऊन बसायचा. रात्री एक वाजेपर्यंत दिवा चालू. आई दोघांच्या वेळा सांभाळायची. तिची वेळ कोणी विचारत नव्हतं.

डिसेंबरात मुलाचं काही तरी बिघडलं. तो पुस्तकासमोर बसायचा, पण पान उलटायचा नाही. डोकं दुखतं म्हणायचा. अर्धी भाकरी ताटात सोडायचा. मित्र हाक मारायला आले, तर घरात नाही म्हणून सांगायला लावायचा. सराव परीक्षेत त्याचे मार्क घसरले.

बाप रात्रपाळी करून आला होता. त्याने तो कागद बघितला आणि त्याचा तोल गेला.

"आम्ही रक्त आटवतो. आणि तू अभ्यासाचं सोंग करतोस?"

मुलगा काही बोलला नाही. फक्त खाली मान घालून बसला. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "आबा, मला काहीच जमत नाही. मी नसतो तर बरं झालं असतं."

बापाला ते राग आल्यासारखं वाटलं. आईला तसं वाटलं नाही. तिने हातातलं काम खाली ठेवलं.

ती म्हणाली, "अहो, आपल्या सर्ज्यानं मान टाकली असती तर तुम्ही आधी काय बघितलं असतं? खांदाच ना? मग लेकाचा खांदा कोण बघणार?"

बाप गप्प झाला. त्याला आठवलं, त्याच आठवड्यात कारखान्यात गव्हाणीजवळ उभ्या उभ्या त्याचा डोळा लागला होता. शेजारच्या गड्याने दंड धरून मागे ओढलं म्हणून निभावलं. ते त्याने घरी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

त्या घरात एक नाही, दोन खांदे सुजले होते.

ताण येतो म्हणजे अंगात काय होतं?

समजा, तुम्ही बांधावरून चालला आहात. समोर साप दिसला. एका क्षणात काय होतं? छाती धडधडते. श्वास भरभर चालतो. तोंड कोरडं पडतं. पायात बळ येतं आणि तुम्ही टुणकन मागे उडी मारता.

हे कसं घडतं? आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान गाठी आहेत. त्यांना ग्रंथी म्हणतात. मेंदूने धोक्याची हाक दिली की या ग्रंथी रक्तात रस सोडतात. एका रसाचं नाव ॲड्रेनलीन. दुसऱ्याचं कॉर्टिसॉल. या रसांमुळे हृदय जोरात चालतं. रक्तात साखर वाढते. पोटाचं काम मंदावतं. सगळी ताकद लढायला किंवा पळायला मिळते. १९१५ साली अमेरिकेतल्या वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाने हे आपल्या पुस्तकात मांडलं.

म्हणजे ताण मुळात वाईट नाही. तो जीव वाचवतो. परीक्षेच्या आधी थोडी धडधड झाली तर मुलगा नेटाने अभ्यास करतो. पाऊस येणार म्हटलं की आपण दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकतो. जू खांद्यावर घेतल्याशिवाय शेत नांगरून होत नाही.

मग बिघडतं कुठे? साप निघून जातो. घटकाभराने छाती शांत होते. पण कर्ज निघून जात नाही. परीक्षा महिनोन्महिने समोर उभी असते. मेंदूला वाटतं, साप अजून इथेच आहे. तो हाक देतच राहतो.

१९३६ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात हान्स सेली नावाच्या शास्त्रज्ञाने यावर लिहिलं. त्याने सांगितलं की अशा वेळी शरीर तीन पायऱ्यांतून जातं. पहिली पायरी इशाऱ्याची. शरीर दचकून जागं होतं. दुसरी पायरी टक्कर देण्याची. शरीर तग धरतं आणि माणसाला वाटतं, आपल्याला काही होत नाही. तिसरी पायरी थकव्याची. साठवलेलं बळ संपतं.

दुसरी पायरी फसवी असते, बरं का. बैल ओढतोय, म्हणजे त्याचा खांदा ठीक आहे, असं नाही.

शीण कसा ओळखावा?

१९७४ साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरातल्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसतज्ज्ञाने या शिणावर पहिल्यांदा सविस्तर लिहिलं. तो दिवसभर आपलं काम करायचा आणि नंतर एका मोफत दवाखान्यात सेवा द्यायचा. तिथे मोठ्या हौसेने सेवा करायला आलेली माणसं काही महिन्यांत कोमेजून जात, हे त्याने बघितलं. त्याचं स्वतःचंही तसंच झालं होतं. यातून एक गोष्ट कळते. शीण आळशी माणसाला येतो असं नाही. मन लावून काम करणाऱ्याला तो लवकर गाठतो.

२०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने याची नोंद घेतली. हा रोग नाही, कामावरचा ताण दीर्घकाळ न आवरल्याने होणारी अवस्था आहे, असं संघटनेने म्हटलं. तिच्या तीन खुणा सांगितल्या.

पहिली खूण : अंगातलं बळ संपल्यासारखं वाटतं. सकाळी उठतानाच माणूस थकलेला असतो.

दुसरी खूण : कामावरून मन उडतं. ज्या कामाची आवड होती, त्याचाच वीट येतो. माणूस कडवट बोलू लागतो.

तिसरी खूण : हातून काम होत नाही. एका तासाच्या कामाला तीन तास लागतात. चुका वाढतात.

ही नोंद कामधंद्यापुरती आहे. पण शिकणाऱ्या मुलांतही असाच शीण दिसतो. त्या मुलाचं आठवा. पान समोर होतं, पण उलटत नव्हतं.

याशिवाय घरच्या माणसांना दिसतील अशाही काही गोष्टी असतात. झोप न लागणे. भूक कमी होणे. सारखं डोकं किंवा पोट दुखणे. लहान गोष्टीवरून ओरडणे. माणसांत न मिसळणे. दारू किंवा तंबाखू वाढणे. यांपैकी तीन-चार गोष्टी एखाद्या माणसात दोन आठवडे दिसल्या, तर रागावू नका. खांदा बघा. अंगात रक्त कमी असलं किंवा दुसरा आजार असला, तरी थकवा येतो. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा तपासूनही घ्यावं.

जू कसं उतरवावं?

सगळं ओझं टाकून देता येत नाही. शेत करावंच लागतं. परीक्षा द्यावीच लागते. पण औत सोडायची एक वेळ असते. बैल दुपारी सोडला की तो सावलीला बसतो, वैरण खातो, रवंथ करतो. म्हणून तो पुन्हा जुंपता येतो. माणसाच्या औताची सोडायची वेळ ठरवावी लागते.

झोप सांभाळा. मोठ्या माणसाला रोज निदान सात तास झोप लागते. पंधरा-सतरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास. झोप म्हणजे वाया गेलेला वेळ नाही. दिवसा वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. म्हणून जागून केलेला अभ्यास टिकत नाही. संध्याकाळनंतर चहा टाळा. चहाचा अंमल कित्येक तास राहतो. निजताना मोबाइल उशाशी ठेवू नका. दारूने झोप येते असं वाटतं, पण ती झोप मोडकी असते. रात्रपाळी असेल तर दिवसा खोलीत अंधार करून सलग झोपा. आणि घरातल्यांनी तेवढा वेळ त्या माणसाला उठवू नये.

अभ्यासात विसावा घ्या. १८८५ साली जर्मनीतल्या हर्मन एबिंगहाऊस या अभ्यासकाने स्वतःवर प्रयोग करून बघितले. त्याला दिसलं की पाठ केलेलं आपण भराभर विसरतो. पण एका बैठकीत रेटून पाठ करण्यापेक्षा ते थोडं थोडं, दिवसांचं अंतर ठेवून केलं, तर जास्त टिकतं. म्हणून मुलाने पाऊण तास वाचावं. मग उठून दहा मिनिटं अंगणात फिरावं. मग पुस्तक मिटून, काय वाचलं ते आठवून लिहावं. चार दिवसांनी पुन्हा बघावं. पाटाला एकदम पाणी सोडलं तर बांध फुटतो. बेताने सोडलं तर जमिनीत मुरतं.

श्वास सावकाश घ्या. छाती धडधडू लागली की बसा. नाकाने हळू श्वास घ्या. त्याहून हळू सोडा. पाच मिनिटं असं करा. सावकाश श्वास सोडताना हृदयाची गती कमी होते. साप गेला, असं मेंदूला कळतं. परीक्षेच्या वर्गातही हे करता येतं.

हालचाल करा. दिवसभर बसून काम करणाऱ्याने अर्धा तास चालावं. शेतात राबणाऱ्याला चालण्यापेक्षा निवांत बसण्याची गरज जास्त. भजन, खेळ, पारावरच्या गप्पा, हे सगळं विसाव्यातच मोडतं.

बोला. मनातलं कोणाजवळ तरी बोला. बोलल्याने कर्ज फिटत नाही. पण दोघांच्या खांद्यावर आलेलं ओझं एकट्याला ओढावं लागत नाही. आणि ऐकणाऱ्याने लगेच उपदेश करू नये. आधी ऐकावं.

विसावा मागून घ्यावा लागतो

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं. पण कामच इतकं आहे की विसावा मिळत नाही. तेव्हा काय करायचं?

बरोबर आहे. नुसता श्वास सावकाश घेऊन कामाचे तास कमी होत नाहीत. ओझंच जास्त असेल, तर ते कमी करायला सांगावं लागतं.

मुंबईच्या कापड गिरण्यांत पूर्वी कामगार सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत राबत. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा जोतीराव फुल्यांचे सहकारी. त्यांनी १८८४ साली कामगारांची सभा भरवली आणि मागण्या मांडल्या. रविवारी सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विसावा द्या. हजारो कामगारांनी त्या अर्जावर सह्या-अंगठे केले. पुढे सहा वर्षं खटपट चालली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत मोठी सभा झाली. तिथे दोन कामगार बायाही उभ्या राहून बोलल्या. शेवटी १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

आज आपण रविवार आपोआप आला असं समजतो. तो मागून मिळालेला आहे. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला जास्तीत जास्त ४८ तास काम आणि एक दिवस सुट्टी, असा नियम घातला. विसावा ही चैन नाही, हे कायद्यानेही मानलं.

म्हणून लागोपाठ दोन पाळ्या कराव्या लागत असतील, तर चार जणांनी मिळून साहेबांना सांगावं. एकट्याचा आवाज ऐकू जात नाही. चौघांचा जातो.

आणि घरातल्या बाईचं काय? तिला रविवारही नसतो. सगळ्यांच्या आधी उठणं आणि सगळ्यांच्या मागून झोपणं, हे जू तिच्या खांद्यावर बारा महिने असतं. पाणी भरणं, भांडी घासणं, गोठा झाडणं, ही कामं घरातल्या गड्यांनी आणि मुलांनी वाटून घेतली, तर तिचाही खांदा मोकळा होईल.

एक गोष्ट कधीही टाळू नका

कधी कधी माणूस म्हणतो, "मी नसतो तर बरं झालं असतं." किंवा "आता जगण्यात काही राम नाही." हे बोलणं हसण्यावारी नेऊ नका. सोंग म्हणू नका. त्याला शांतपणे सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, माणसाला बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका. घरातल्या घातक वस्तू कुलपात ठेवा. आणि लगेच मदत घ्या.

मदत जवळ आहे. १४४१६ हा फोन क्रमांक लिहून ठेवा. ही सरकारची टेली-मानस सेवा. ती १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. दिवसरात्र चालते. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येतं. गावातल्या आशाताईंना विचारा. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर भेटतात. ताप आल्यावर दवाखान्यात जायची लाज नसते. मग मनासाठी जायची लाज कशाला?

त्या घरी पुढे काय झालं?

त्या रात्री आईने आशाताईंना बोलावलं. त्यांनी १४४१६ ला फोन लावून दिला. मुलगा बाहेर अंगणात जाऊन अर्धा तास बोलला. दुसऱ्या दिवशी बाप रजा टाकून त्याच्याबरोबर जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांकडे गेला. एसटीत दोघे शेजारी बसले. कितीतरी महिन्यांनी ते असे बसले होते.

डॉक्टरांनी मुलाचं सगळं ऐकून घेतलं. पुन्हा पुन्हा यायला सांगितलं. घरात काही गोष्टी बदलल्या. रात्री दहाला दिवा बंद. कॉलेजातल्या सरांना सांगून एक शिकवणी कमी केली. उसाच्या पाण्याचा चुलत्याशी वार ठरला. एक रात्र त्याने दारं धरायची, एक रात्र याने. बाप ठरवून झोपू लागला. संध्याकाळची भांडी मुलगा घासू लागला. आई म्हणायची, "अभ्यास राहील रे." तो म्हणायचा, "आई, डोकं मोकळं होतं."

परीक्षेआधी बापाने त्याला एकच गोष्ट सांगितली. "जमेल तेवढं लिही. नाही जमलं तर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. परीक्षा परत येते. तू परत येणार नाहीस."

मुलगा पास झाला. पहिला आला नाही. पहिला यायची गरजही नव्हती. पुढच्या पोळ्याला बाप सर्ज्याच्या खांद्याला लोणी चोळत होता. मुलगा हळदीची वाटी धरून शेजारी उभा होता. बाप त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "आता कसं वाटतंय रे?"

मुलगा म्हणाला, "बरं वाटतंय, आबा. तुमचं कसं?"

लक्षात ठेवा

१. थोडा ताण कामाचा. न उतरणारा ताण घातक.
२. माणूस मान टाकतो तेव्हा आधी खांदा बघा. राग नंतर.
३. झोप, विसावा आणि बोलणं, यांना वेळ ठरवून द्या.
४. ओझं जास्त असेल तर वाटून घ्या. मिळून कमी करून घ्या.
५. जगणं नकोसं झाल्याचं कोणी बोललं, तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ ला फोन करा.

वर्गात बोला

तुमच्या घरात सगळ्यात उशिरा कोण झोपतं? त्या माणसाचं कोणतं काम तुम्ही उद्यापासून वाटून घ्याल?